चिंगीची शिकार, गेनूचा न्याय

एका गावात गेनू नावाचा कुंभार होता. भोळा किती, तर कुणी "जरा थांब" म्हणालं, की कुणीतरी "चल" म्हणेपर्यंत तो तिथंच उभा. मडकी मात्र नामी घडवायचा. सासरे म्हणायचे, "मडकी पक्की, डोकं कच्चं. एकदा येऊन बघतो. सुधारला नसेल, तर सारजाला माघारी नेतो."

सारजाचा नवऱ्यावर जीव. ती बिचारी त्याला रोज शहाणपण शिकवायची.

त्यांच्या मांजरीचं नाव चिंगी. एका सकाळी तिनं मेलेला उंदीर आणून गेनूच्या चाकाशी ठेवला. गेनूनं तिला हाकललं.

"अवं, असं काय करता?" सारजा म्हणाली. "शिकार आणली की पाठीवरून हात फिरवावा, वाटीभर दूध द्यावं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी चिंगीनं शेजारच्या यमुनाकाकीचं कोंबडीचं पिल्लू आणलं. पिल्लू चिवचिवत होतं. गेनूनं चिंगीच्या पाठीवरून हात फिरवला आणि दूध आणायला आत गेला. येऊन बघतो तर नुसती पिसं. यमुनाकाकीनं आळी डोक्यावर घेतली.

"अवं, जिवंत असेल तर मानगूट धरायची, तोंडातलं काढून घ्यायचं आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी चिंगीनं बन्सीशेठच्या किराणा दुकानातून जिवंत उंदीर आणला. गेनूनं तिची मानगूट धरली, उंदीर सोडवला, कोऱ्या गाडग्यात घातला आणि दुकानात गेला.

"शेठ, तुमचा माल. चुकून आमच्याकडं आला."

शेठनं झाकण उघडलं. उंदीर गुळाच्या ढेपेवर, शेठ साखरेच्या पोत्यावर!

"अवं, आधी विचारावं तरी," सारजानं कपाळ धरलं. "कुठून आणलं, काय आणलं. मग द्यावं."

"बरं."

चौथ्या दिवशी सासरे आले. सारजा विहिरीवर गेलेली. तोंडात पानाचा विडा घोळवत सासऱ्यांनी उंबरठा ओलांडला. गेनू बघत राहिला. तोंडात काहीतरी आहे. जिवंतही आहे. त्यानं मानगूट धरली.

"मामा, आ करा."

विडा निघाला. विड्याबरोबर दातांची कवळीही निघाली.

"कुठून आणलं?" गेनूनं आठवणीनं विचारलं.

"हाक्तराकडून!" सासरे बोळक्या तोंडानं ओरडले.

गेनू तडक तालुक्याला गेला. दाताचे डॉक्टर जेवायला गेले होते. टेबलावर कवळी ठेवून तो दिवेलागणीला परतला. सासरे खाटेवर तणतणत होते, सारजा रडत गाठोडं बांधत होती.

"अवं, दात आबांचेच होते! जा, डॉक्टरांकडून परत आणा. नाहीतर आबा मला घेऊन चालले!"

उजाडताच गेनू धावत दवाखान्यात गेला. त्याची हकीकत ऐकून डॉक्टर खो खो हसले. तोंडभर पांढरेशुभ्र दात!

"आणि घातलेसुद्धा?" म्हणत गेनूनं मानगूट धरली.

दुपारी सासऱ्यांनी कवळी बसवली. कडक भाकरी चावून पाहिली. सुपारी फोडली. चेहरा खुलला.

"अशी घट्ट तर आधी कधीच बसली नव्हती! सारजे, सोड ते गाठोडं. जावई कामाचा आहे."

इतक्यात दारात डॉक्टर उभे. तोंड बोळकं, डोळे लाल, हातात सासऱ्यांची कवळी.

गेनूनं लगबगीनं पाट मांडला.

"या, डॉक्टर. पण एवढी पायपीट कशाला केलीत? मामांना एक जोड पुरे. हा तुम्हीच ठेवा!"