न पेटणाऱ्या दिव्याचा सराव

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की त्या राज्यात वीज तेव्हा नवीनच होती. राज्य लहानसं, डोंगराच्या कुशीतलं. तिथे एक मोठा धबधबा होता, त्याच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली होती. आधी राजवाड्यात दिवे लागले, मग बाजारपेठेत लागले. मग राजानं ठरवलं की आता एकेका गावात तार न्यायची.

पण तारा जोडणारे हात राज्यात नव्हते. म्हणून राजानं परमुलखातून एका म्हाताऱ्या वस्तादांना बोलावून घेतलं आणि दवंडी पिटली की ज्याला हे काम शिकायचं असेल त्यानं यावं.

आलेल्या उमेदवारांत रेवजी नावाचा एक कोष्टी होता. मागावर तुटलेला धागा जोडता जोडता त्याची बोटं तयार झाली होती. त्यानं मारलेली गाठ कापडात शोधूनही सापडत नसे. त्याच्याच गल्लीतला लखू गवंडीही शिकायला आला. लखूची बोटं जाड, चुन्यानं फाटलेली. बारीक तार त्याच्या चिमटीत धड राहायची नाही.

वस्ताद दिवसा शिकवत आणि संध्याकाळी प्रत्येकाला घरी सरावासाठी सामान देत. एक लाकडी फळी, तिच्यावर बसवायला बटण, होल्डर, फ्यूज, तारेचं वेटोळं. शिवाय एक तपासदिवा. तपासदिवा म्हणजे दोन लांब तारा सोडलेला साधा दिवा. एक टोक जमिनीत पुरलेल्या सळईला लावायचं, दुसरं ज्या तारेचा संशय असेल तिला. दिवा पेटला तर तार जिवंत आहे, हात लावायचा नाही.

"तुमच्या घरात वीज नाही," वस्ताद म्हणाले, "तरी फळीवरच्या प्रत्येक तारेत वीज आहे असं समजूनच काम करायचं. आधी दिवा, मग हात. दर वेळी."

रेवजी रोज जेवण झालं की ओसरीवर फळी घेऊन बसे. जोडायचा, सोडायचा, पुन्हा जोडायचा. पहिले काही दिवस त्यानं दर वेळी तपासदिवा तारेला लावला. पण घरात वीजच नव्हती, त्यामुळे दिवा कधी पेटत नसे. न पेटणारा दिवा रोज तारेला लावायचा, वाट पाहायची आणि बाजूला ठेवायचा, याचा त्याला कंटाळा आला. त्यानं दिवा कोनाड्यात ठेवून दिला. तेवढ्या वेळात आणखी एक जोड होऊ लागला.

सोनाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, ते ध्यानात आलं. लखूच्या अंगणात तिनं लखूला दर जोडाआधी तो दिवा लावताना पाहिलं होतं. तुम्ही का नाही लावत, असं तिनं विचारलं.

"लखूला जोड जमत नाही, म्हणून तो दिव्याशी खेळत बसतो," रेवजी म्हणाला. "इथे वीज कुठे आहे? कामावर गेलो की लावीनच की."



गल्लीतले लोक मात्र लखूला हसत. तो मेलेल्या तारेची नाडी बघतो, असं म्हणत. लखू ऐकून घेई आणि दिवा तारेला लावून बघे. त्याची फळी अजूनही ओबडधोबड दिसे. रेवजीच्या फळीवरच्या तारा मात्र मागावरच्या ताण्यासारख्या सरळ, एका ओळीत बसलेल्या असत.

परीक्षेचा दिवस आला. वस्ताद समोर बसले. रेवजीला नियम तोंडपाठ होते. त्यानं बटण पाडून वीज बंद केली, तपासदिवा तारेला लावला, तो पेटत नाही हे पाहिलं, मग जोड केला. कुठे चूक नाही. तो पहिला आला. लखू शेवटच्यांत होता, पण पास झाला. दोघांना एकाच तुकडीत काम मिळालं.

काम चांगलं चाललं होतं. रेवजीला लोक नावानं ओळखू लागले. सुरुवातीला तो आठवणीनं तपासदिवा लावी. पुढे काम अंगवळणी पडलं, तसतशी ती आठवण मागे पडत गेली.

एके दिवशी दुपारी गावच्या सूतिकागृहातले दिवे विझले. आत एक बाई अडली होती. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि सुईणीला उजेड हवा होता. रेवजी आणि लखू धावत गेले. लखू मागच्या बाजूची तार बघायला गेला. रेवजीनं दारातलं बटण पाडलं आणि तो शिडीवर चढला. तुटलेला जोड त्याला लगेच दिसला. आतून बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. तपासदिवा खांद्यावरच्या पिशवीत होता. रेवजीचा हात पिशवीकडे गेला नाही, सरळ तारेकडे गेला. ओसरीवर जसा रोज जायचा तसाच.

पण त्या खोलीला दोन वाटांनी वीज येत होती. त्यानं पाडलेलं बटण एकाच वाटेचं होतं.

रेवजीचा हात तारेला धरला गेला तो सुटेना. आवाजही निघेना. लखू परत आला तेव्हा त्यानं हे पाहिलं. त्यानं रेवजीला हात लावला नाही. कोपऱ्यातला कोरडा लाकडी दांडा उचलून त्यानं रेवजीच्या हाताला जोरानं ढकललं. रेवजी शिडीवरून खाली पडला. लखूनं मग दुसरं बटण शोधून पाडलं, तपासदिवा लावून पाहिला आणि त्याच्या त्या ओबडधोबड पद्धतीनं जोड केला. खोलीत उजेड झाला. बाई सुटली, मूल रडलं.

रेवजी वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. धागा असो की तार, बारीक काम त्या हातानं आता होणार नव्हतं.

तो बरा झाल्यावर वस्तादांकडे गेला. पुष्कळ दिवस मनात घोळवलेला प्रश्न त्यानं विचारला.

"वस्ताद, मला नियम ठाऊक होता. परीक्षेत मी एकदाही चुकलो नाही. मग त्या दिवशी काय झालं?"

वस्तादांनी त्याचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला.

"परीक्षेत तुझं डोकं काम करत होतं," ते म्हणाले. "घाईत डोकं मागे राहतं आणि हात पुढे जातात. तू घरी या हातांना काय शिकवलंस?"

रेवजीनं कोनाड्यात ठेवलेल्या दिव्याचं सगळं सांगितलं. वस्ताद रागावले नाहीत. काम सोडायचं असेल तर सोड, म्हणाले. राहायचं असेल, तर नव्या उमेदवारांच्या रांगेत पहिल्यापासून बस.

रेवजी बसला. ज्यांनी कालपर्यंत त्याचे जोड नवलानं पाहिले होते, त्यांच्या शेजारी बसून तो डाव्या हातानं तार सोलायला शिकला. त्याला लाज वाटे, पण तो उठून गेला नाही. ओसरीवर तो पुन्हा फळी घेऊन बसू लागला. आता तपासदिवा दर जोडाआधी तारेला लागे. तो कधीच पेटत नसे, तरी लागे. गल्ली आता त्याला हसू लागली. त्याचे जोड आता लखूच्या जोडांहूनही वेडेवाकडे येत.

अशी कित्येक वर्षं गेली. एकदा वादळात डोंगरापलीकडच्या वाडीची तार तुटली. धबधब्यावरून निरोप आला की वीज बंद केली आहे, जोडून घ्या. रेवजी एकटाच गेला. त्याची मुलगी घरी तापानं फणफणली होती, सारं चित्त तिच्यापाशी होतं. काम कधी उरकतं आणि घर कधी गाठतो, असं त्याला झालं होतं. त्यानं सळई ठोकली आणि तारेचं टोक जोडायला हात पुढे केला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हातात तपासदिवा आहे. तो पिशवीतून कधी काढला हे त्याला आठवेना.

दिव्याचं टोक तारेला लागलं आणि दिवा लख्ख पेटला.

धबधब्यावर बंद केली होती ती दुसऱ्याच तारेची वीज. रेवजी मागे सरला आणि तिथेच चिखलात बसला. त्याचा डावा हात अगदी स्थिर होता. थोड्या वेळानं उठून त्यानं वीज बंद करण्यासाठी वाडीतल्या एका माणसाला धबधब्यावर पिटाळलं आणि तो परत येईपर्यंत तारेजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. वाडीत दिवे लागले तेव्हा दिवस मावळत होता. मग तो मुलीकडे, घराकडे निघाला.

या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: कुणी पाहत नसताना हाताला जी सवय लावावी, तीच घाईच्या वेळी आपल्याला बुडवते किंवा तारते.