नावेतल्या गाईचे डोळे

शाळेत शांततेचा आठवडा आहे म्हणे, म्हणून गोष्ट मी लिहायची. शिकलेसवरलेले पाच जण घरात बसलेत आणि पेन दिलंय चौथीतून पळालेल्या म्हाताऱ्याच्या हातात. बरं, लिहितो. पण मागाहून कुणी शहाणपणा करून ती सुधारायची नाही.

एका डोंगराच्या अलीकडे एक राजा होता आणि पलीकडे दुसरा. दोघं त्या डोंगरासाठी लढायचे. डोंगरावर काय होतं? काही नाही. बाभळीनंसुद्धा तिथं उगवायला नकार दिला होता.

लढून लढून दोघं दमले. मग ठरलं, की दोन्ही मुलखांतल्या चिताऱ्यांनी मिळून एका कापडावर शांततेचं चित्र काढायचं. चित्र पुरं होईपर्यंत कुणी हत्यार उचलायचं नाही. पुरं झालं की दोन्ही राजांनी ते बघायचं. दोघांना आवडलं तर कायमचा तह. एकाला जरी नाही आवडलं, तर पुन्हा लढाई.

आता दोघांना एकच गोष्ट आवडलीय असं आजवर झालं नव्हतं. एकानं गूळ गोड म्हटला तर दुसरा त्याला खारट म्हणायचा.

अलीकडचा चितारी म्हातारा आणि तापट होता. त्याचा एकुलता एक मुलगा सैन्यात. लढाई थांबली म्हणून तो घरी आला होता, भाकरीवर भाकरी हाणत होता, आणि बाप नुसता त्याच्याकडं बघत बसायचा. पलीकडे होती एक चितारीण. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. कापड खेचरावरून जायचं-यायचं, आणि निरोप खेचरवाला सांगायचा, वर पदरचं तिखटमीठ लावून.

चिताऱ्यानं काढली रवंथ करणारी गाय. त्याच्या मते शांतता म्हणजे पोट भरलेली गाय. चितारणीच्या मुलखाला समुद्र. तिच्या मते शांतता म्हणजे वारा पडलेलं पाणी. कापड परत आलं तेव्हा गाय गळ्यापर्यंत बुडालेली.

"माझी गाय बुडवली! विचार त्या बाईला, गाय काय मासा आहे?"

पुढच्या खेपेला खेचरवाला जबाब घेऊन आला. "बाई म्हणतात, मी समुद्र काढला. तुमचीच गाय आधीपासून मध्ये बसली होती, त्याला मी काय करू?"

"मग म्हणावं, तिला बसायला काहीतरी दे!"

बाईनं नाव दिली. गाय ऐटीत नावेत बसली. चिताऱ्याला हसू आलं, पण खेचरवाल्याला त्यानं ते दिसू दिलं नाही.

आता एक रीत सांगायला हवी. अलीकडच्या मुलखात डोळे सगळ्यांत शेवटी काढतात. डोळे उघडले, की चित्र पुरं, फोडा नारळ. पलीकडच्या मुलखात डोळे आधी. आपल्याला कोण रंगवतंय ते चित्राला दिसायला नको? तर बिनडोळ्यांची गाय बघून चितारीण हळहळली. "म्हाताऱ्याला दिसत नसेल बिचाऱ्याला," म्हणाली, आणि तिनं डोळे काढून दिले. मोठे, ओलसर, झोपेला आलेले. खरं काम आता सुरू करू, म्हणून तिनं कापड धाडलं.

अलीकडच्या प्रधानानं ते डोळे पाहिले आणि ओरडला, "झालं! चित्र पुरं झालं!" नगारे वाजले. राजा आला.

"गाय नावेत? ही काय थट्टा आहे? बरं, चिताऱ्या, तुझं काम झालं. हे घे सोन्याचं कडं. उद्या डोंगरावर जायचं. आणि तलवारी घासून ठेवा रे, लागणारच आहेत."

चिताऱ्याचा मुलगा भाकरी अर्धी टाकून उठला.

डोळे पुसले असते, तर चित्र अपुरं राहिलं असतं. पण असे डोळे चिताऱ्याला जन्मात जमले नव्हते. ते पुसणं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर थुंकणं. आणि न पुसावेत, तर पोरगा जातोय. चिताऱ्यानं कुंचला उचलला आणि सगळ्यांसमोर गाईच्या पोटाशी एक वासरू काढलं. बिनडोळ्यांचं.

"हे काय?" राजानं विचारलं.

"वासरू, महाराज."

"ते दिसतंय मला! डोळे कुठायत?"

"राहिलेत. चित्र पुरं कुठं झालंय?"

"मग काढ की!"

"आईचे डोळे ज्या हातानं उघडले, त्याच हातानं लेकराचे उघडायचे, महाराज. नाहीतर आई ओळखत नाही."

अशी रीत कुणी ऐकलेली नव्हती. पण आपल्याला माहीत नाही असं कबूल करील तो प्रधान कसला? "हो हो, फार जुनी रीत आहे," प्रधान म्हणाला.

राजानं कडं काढून घेतलं. गावानं चिताऱ्याचं नाव 'अपुऱ्या' पाडलं. मुलगा परत भाकरीवर बसला.

चिताऱ्यानं निरोप धाडला, "बाईला सांग, आमच्याकडं डोळे उघडले की चित्र संपतं आणि लढाई लागते. वासराला डोळे दे, पण कुणालातरी आंधळं ठेव."

वासराला डोळे आले. नावेच्या टोकावर एक बगळा आला, बिनडोळ्यांचा. सोबत निरोप, "म्हाताऱ्या, याचे डोळे तू काढ. आणि जरा नीट काढ. तुझ्या वासराचे पाय पाटाचे वाटतात."

"आणि तुझा बगळा कोंबडीसारखा!"

असं ते चालू राहिलं. कापडाला कापड जोडत गेले. खेचराला ओझं पेलेना, तेव्हा दोन्ही राजांना आपापलं सैन्य द्यावं लागलं. एका टोकाला अलीकडचे शिपाई, दुसऱ्या टोकाला पलीकडचे, मध्ये कापडाचा हा थोरला गुंडाळा. तलवार धरायला हात मोकळा कुणाचा? राजा दरसाल विचारायचा, "झालं का रे?"

"एक बेडूक राहिलाय, महाराज."

तात्पर्य: भांडायचं तर एकाच कापडावर भांडा, आणि समोरच्याच्या हाताला थोडं काम शिल्लक ठेवा. बोलणंच तोडलं की मग तलवारी निघतात.

हे वरच्या आळीतल्या एकानं दोनदा वाचावं. मांडवात सगळ्यांसमोर मला 'तुला काय कळतंय' म्हणाला आणि तेव्हापासून दारावरून जाताना मान वळवतो. माफी मागायला ये, मग उरलेलं भांडू. चहा ठेवतो, जनू घोसाळकरा.