बेडकाच्या हातातला खडा

फार वर्षांपूर्वी एका तळ्यावर पाणनिवळ्यांची, म्हणजे पाण्यावरून पळणाऱ्या लांब पायांच्या किड्यांची, घसरण्याची स्पर्धा भरत असे. निवाडा म्हाताऱ्या बेडकाकडे. जातीचाच उड्या मारणारा, त्यामुळे तो प्रत्येक उडीला एक खडा मांडायचा. जिचे खडे जास्त, तिला कमळाचं पान.

त्या वर्षी टिपरीने नऊ उड्या मारल्या. मग रेवा आली. तिने एकही उडी मारली नाही. पण पाण्यावरून ती अशी वळत गेली की काठावरचे बगळे मासे विसरले. ती थांबली तरी बेडकाच्या हातातला खडा हातातच होता. तो कुठे मांडावा, त्याला कळेना. पान त्याने टिपरीला दिलं.

"आजोबा, माझं काय चुकलं?" रेवाने विचारलं.

"चुकलं काहीच नाही गं. मला मोजता आलं नाही."

पुढच्या वर्षी रेवाने अकरा उड्या मारल्या आणि पान जिंकलं.

"ते गेल्या वर्षीचं वळण एकदा दाखवतेस?" बेडकाने हळूच विचारलं.

रेवाने प्रयत्न केला. पाणी नुसतंच हिंदकळलं.

"पायात राहिलं नाही आता, आजोबा."

या खेपेला तिला द्यायचा म्हणून वर्षभर जपलेला तो खडा बेडकाने मुठीत घट्ट धरला आणि मूठ पाठीमागे नेली.