घागरीविना परसबाग

"चाळीस घागरी!" शार्दूलराजे कडाडले. "विहिरीचा तळ दिसायला लागला आणि तुझी बाग रोज चाळीस घागरी पाणी पिते? आणि देते काय? तर चार शोभेची फुलं!"

म्हातारा रखमाजी माळी मान खाली घालून उभा होता. बोरगडच्या राजवाड्यामागची बाग तो तीस वर्षं सांभाळत होता. बागेच्या कोपऱ्यातली झोपडी हेच त्याचं घर.

राजे मोठे हट्टी. एकदा शब्द तोंडातून गेला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी फिरायचा नाही! ते म्हणाले, "उद्यापासून बागेसाठी विहिरीतून, तळ्यातून, नदीतून एक घागरसुद्धा भरायची नाही. बाहेरून खताची गाडी आणायची नाही. आणि पुढच्या चैत्रात याच बागेतल्या भाज्यांनी माझं ताट भरलं पाहिजे! नाही भरलं तर झोपडी रिकामी कर. दिवाणजींना तिथे घोड्यांची पागा बांधायचीच आहे."

दिवाण भास्करपंत मिशीतल्या मिशीत हसले.

रखमाजीची तर पाचावर धारण बसली. पण त्याच्यामागे टोपली घेऊन उभी असलेली त्याची लेक येसू चटकन पुढे झाली.

"महाराज, अटी एवढ्याच ना? मागाहून वाढायच्या नाहीत!"

"एवढ्याच! राजाचा शब्द आहे!"

"मग कबूल!"

घरी येताच रखमाजीने कपाळाला हात लावला. "काय करून बसलीस पोरी! पाण्यावाचून कधी बाग होते का? आता या वयात मी कुणाच्या दारात उभा राहू?"

येसू म्हणाली, "बाबा, मला आठ दिवस नुसतं बघू द्या."

आठ दिवस तिने कुदळीला हात लावला नाही. ऊन कुठून येतं, वारा कुठून घुसतो, पाणी कुठून वाहून जातं, एवढंच पाहत हिंडली. राजवाड्यातल्या दासी म्हणाल्या, "पोरगी खुळावली!"

आठव्या दिवशी ती राजवाड्याच्या मागच्या भिंतीशी थबकली. भिंतीपलीकडे राजांची न्हाणी होती. मोरीतून सांडपाणी भळाभळा बाहेर येत होतं आणि डबक्यात साचून डास पोसत होतं. येसूला हसूच आलं. गडाखालच्या प्रत्येक घरात मोरीच्या तोंडाशी अळू असतो. राजवाड्यात एवढे शहाणे, पण हे कुणाला सुचलं नव्हतं!

मग मात्र बापलेकीने दम घेतला नाही. मोरीपासून बागेत नागमोडी पाट काढला. पाटाच्या तोंडाशी केळी आणि अळू, केळीच्या सावलीत हळद. दुपारचं ऊन अडवायला पश्चिमेला शेवगा, आणि कुंपणावर दोडका. रखमाजी दरवर्षी पालापाचोळा जाळायचा. यंदा तोच त्याने वाफ्यांवर वीतभर पसरला, म्हणजे खालची ओल उडणार नाही. मुदपाकखान्यातली सालं खड्ड्यात कुजवली. येसूने चार कोंबड्या मोकळ्या सोडल्या. त्या किडे वेचायच्या आणि खत जागच्या जागी टाकायच्या. झेंडू तेवढा तिने वांग्यांच्या सोबतीला ठेवला, कीड लांब राहावी म्हणून.

चैत्र आला. विहिरीने पुन्हा तळ दाखवला. पण राजे राणीसाहेबांना आणि दिवाणजींना घेऊन परसात आले, तर समोर हिरवंगार! रखमाजीने वांगी, दोडके, शेवग्याच्या शेंगा अशी टोपली भरून पुढे ठेवली.

दिवाणजींनी काठीने पाचोळा उकरला. "महाराज, ओल! चोरून पाणी घातलंय!"

राजांचे डोळे लाल झाले. "कोण घालतं पाणी? नाव सांग! आत्ताच्या आत्ता फटके देतो त्याला!"

येसूने हात जोडले. "नाव सांगते, पण आधी फटके मागे घ्या, महाराज. त्या माणसाला फटके बसले तर सगळा गड रडेल!"

"एवढा कोण मोठा लागून गेला?"

"रोज सकाळी गाणं म्हणत पाणी ओततो. गळा बेताचाच आहे, पण हात मोकळा!"

"नाव सांग!"

"आपणच, महाराज!"

येसूने अळवाची पानं बाजूला करून मोरीचा पाट दाखवला.

दिवाणजी उसळले. "पण ते पाणी विहिरीचंच ना?"

"विहिरीचंच. पण भरलं होतं महाराजांच्या अंघोळीला, बागेला नाही. तुम्हाला परत हवं असेल तर न्या की दिवाणजी! तुमच्या अंघोळीला चालेल का?"

राजे अजून अडून बसले. "मी विहिरीवर पहारा ठेवला होता. पण पहारेकऱ्याला फितवून तू रात्री पाणी नेलं नाहीस कशावरून? पुरावा दे!"

येसू घुटमळली. "पुरावा आहे, महाराज. पण राणीसाहेबांसमोर सांगू का?"

"खुशाल सांग! राजा कुणाला भीत नाही!"

"पौषात कडाक्याची थंडी पडली, तेव्हा पाच दिवस मोरीतून थेंब आला नाही. अळवाने मान टाकली. चोरून पाणी आणत असते, तर त्याला सुकू दिलं असतं का? सहाव्या दिवशी संक्रांत होती. त्या दिवशी पाणी आलं, धो धो!"

राणीसाहेब सावकाश राजांकडे वळल्या.

"पाच दिवस? आणि रोज कपाळाला गंध लावून पूजेला बसत होतात?"

राजांनी राणीसाहेबांकडे पाहिलं, अळवाकडे पाहिलं, आणि पोट धरधरून हसायला लागले. "हरलो! मी विहिरीवर पहारा बसवला, आणि ही बाग माझ्यावरच पहारा करत होती! रखमाजी, झोपडी तुझी, बागही तुझी, पिढ्यान्‌पिढ्या! दिवाणजी, पागेला दुसरी जागा बघा!"

राणीसाहेबांनी हातातली सोन्याची पाटली काढून येसूच्या हातात घातली.

"घे गं बाई! आणि पुढच्या पौषातही अळवावर नीट लक्ष ठेव. पान जरा मलूल दिसलं की थेट मला येऊन सांगायचं!"