गुणी मडकं आणि वाळ्याचा पडदा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा जनावरं बोलायची, आणि माणसं अधूनमधून ऐकायचीसुद्धा.

त्या काळी बाहुल्यांचे खेळ करणारा एक माणूस होता. त्याला घर नव्हतं, घरगाडी होती. पुढे दोन बैल, मागे बांधलेली तिळी नावाची शेळी, आणि मध्ये छपराखाली सगळा संसार. उन्हाळ्यात गाडी गार राहावी म्हणून त्यानं खिडकीला वाळ्याचा पडदा लावला होता. पडद्यावर मडकं टांगलेलं, त्याच्या तळाला बारीक भोकं. पाणी ठिबकायचं, वाळा भिजायचा आणि सुगंधी गार वारा आत यायचा. अहाहा!

पण यंदा आत नुसती भट्टी! आणि नेमकी यंदाच त्याची लेक बायजा पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी न्यायची, तर तिचं माहेर म्हणजे हीच गाडी. बाहुलीवाला मोठ्या हौसेनं बायकोला घेऊन लेकीच्या दारात आला. विहीणबाईंनी गाडीत डोकं घातलं आणि पदरानं घाम पुसत त्या मागे फिरल्या.

“व्याहीबुवा, राग मानू नका, पण या भट्टीत मी माझी सून नाही पाठवायची. उद्या संध्याकाळपर्यंत गाडी गार झाली तर ठीक, नाहीतर बाळंतपण इथंच.”

बायजाचे डोळे भरून आले.

बायको म्हणाली, “मी कधीची सांगतेय, फेका तो पडदा! बाजारात चाकाबरोबर फिरणारा पितळी पंखा आलाय, तो घ्या.”

“तो व्यापारी बदल्यात बाहुल्यांची पेटी मागतोय! पेटी दिली तर पुढे काय वारा खाऊन जगायचं?”

“आणि लेक नाही आली तर?”

तरी तो हट्टानं म्हणाला, “अगं, असा गुणी पडदा मिळायचा नाही. दर दसऱ्याला लोक अवजारं पूजतात, मी हे मडकं पूजतो. वरपासून खालपर्यंत तेल-शेंदूर फासतो. आणि पुण्याई बघ, दर वर्षी ते कमी कमी पाणी पितं. यंदा तर सकाळी भरलं की संध्याकाळी भरलेलंच!”

मागून तिळी फुरफुरली. “वा वा! आणि माझ्या घशाला कोरड पडली त्याचं काय?”

“तुला पाणी पाजतो की रोज!”

“त्याला वास कुठाय? मी त्या पडद्याखाली ठिबकणारं वाळ्याचं पाणी चाटत लहानाची मोठी झाले. हल्ली थेंब पडत नाही. पण शेळीला विचारतो कोण?”

नवराबायको एकमेकांकडे बघतच राहिले. त्यानं घाईघाईनं मडकं उतरवलं, पाणी ओतून पालथं केलं. तळावर शेंदराचा जाड थर!

“अरे देवा! पूजा करून करून मीच भोकं बुजवली की!” त्यानं कपाळावर हात मारला.

बाहुल्यांची दोरी ओवायची दाभण घेऊन त्यानं एकेक भोक मोकळं केलं. पाणी टपटप पडू लागलं. पण वाळा इतका जुना झाला होता, की हात लावताच त्याचा भुगा झाला.

“बघा! मी म्हणत नव्हते?” बायको म्हणाली.

“म्हणत होतीस गं बाई. अर्धं तुझं खरं.”

सकाळी दोघं नदीकाठी गेली, हसत-भांडत ताजा वाळा खणून आणला. चौकट जुनी, मडकं जुनं, वाळा तेवढा नवा विणला. बाहुल्यांची पेटी जिथल्या तिथं राहिली.

संध्याकाळी विहीणबाई परीक्षा घ्यायला आत जाऊन बसल्या. बाहेर सगळे श्वास रोखून उभे. मग आतून चक्क घोरणं ऐकू आलं!

जाग आल्यावर त्या म्हणाल्या, “सून नेताय ना? मग मीही येते. पण खिडकीजवळची जागा माझी!”

बायजा पोट धरून हसली. गाडी निघाली, आणि मागे तिळी जीभ काढून थेंब झेलत चालली. पुढच्या दसऱ्याला मडक्याच्या गळ्याशी कुंकवाचं एकच बोट लागलं, आणि नैवेद्याचा पहिला घास तिळीला मिळाला.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, जुनं टाकायचं की ठेवायचं यावर भांडण्याआधी, नेमकं बिघडलंय काय ते उघडून बघावं.