कडेला टोक असलेली फळी

“चिंबीने फळीला कडेला टोक काढलंय, खाली आडवे पंख लावलेत. उद्या चुलीतच घालते,” सासू जावेला सांगत होती. नवी सून चिंबी बिळाआडून ऐकत होती.

खेकडे फळीवर बसून लाटांवर स्वार होत, त्या काळची ही गोष्ट. फळ्या माशांचं बघून केलेल्या, पुढे टोकदार. लाट आली की फळी टोकाकडे पुढे जाई, सगळे सवयीने तिरके धावत आणि पाण्यात पडत. याला ते घराण्याची रीत म्हणत.

सकाळी सासू ती फळी घेऊन चुलीकडे निघाली, तोच लाटेने तिला फळीसकट उचललं. ती घाबरून तिरकी धावली, तर फळीही तिकडेच धावली आणि तिला न पाडता किनाऱ्याला घेऊन आली.

“तिरकीच आहे तुझी फळी,” सासू धापा टाकत म्हणाली.

“फळी सरळ आहे, आत्याबाई,” चिंबी पहिल्यांदाच बोलली. “तिरके आपण चालतो.”