केरबाचे पिवळे जॅकेट

हिवरखोरे नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा दूधवाला राहत असे. भोळा हा शब्द गावकऱ्यांचा. त्यांना त्याच्याकडून दूध घ्यायचे होते, म्हणून त्यांनी सौम्य शब्द निवडला. केरबाचा एक मोठा गुण होता. सांगितलेले तो कधी विसरत नसे. समजून मात्र तो कधी घेत नसे.

रोज सकाळी मोटारसायकलला दोन किटल्या अडकवून तो डेअरीकडे निघे, आणि आठवड्यातून एकदा तरी रस्त्यावर पडे. तिसऱ्यांदा त्याच्या कोपराला पट्टी बांधावी लागली, तेव्हा त्याचे सासरे तातोबा आले आणि लेकीला, सगुणेला, माहेरी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "जावईबापू, दसऱ्याला स्वतःच्या गाडीवरून माझ्या दारात या. अंगावर नवा ओरखडा दिसता कामा नये. तसे आलात तर लेक धाडतो. नाहीतर ती माझ्याकडेच राहील."

सगुणेने जाताना वळून पाहिले. केरबाला वाईट वाटले. तेवढे त्याला समजत असे.

दुसऱ्याच दिवशी धुक्यात हिंदुराव टेंपोवाल्याने त्याला मागून धक्का दिला. दोन्ही किटल्या सांडल्या.

"दिसलाच नाहीस की रे!" हिंदुराव म्हणाला.

केरबा फाट्यावरच्या नजीरभाईंच्या गॅरेजात गेला. नजीरभाईंनी खुंटीवरचे पिवळे जॅकेट काढून दिले. त्याच्यावर चमकत्या पट्ट्या होत्या. लोक त्याला रेडियमचे जॅकेट म्हणत. त्यात रेडियम नव्हते, पण अशा गोष्टींची हिवरखोऱ्यात कुणी चौकशी करत नसे.

"हे घाल," नजीरभाई म्हणाले. "म्हणजे दिसशील. दिसलास की कुणी धडकत नाही."

केरबाने वाक्य पाठ केले. दिसलास की कुणी धडकत नाही. किती सोपे होते! इतकी वर्षे तो उगाच आरशात पाहत होता, उगाच ब्रेक दाबत होता.

सकाळी त्याने जॅकेट घातले. नवे होते. दुधाचे डाग पडू नयेत म्हणून वरून घोंगडी पांघरली आणि निघाला. वळणावर बैलगाडीने त्याला थेट बांधापलीकडे लोटले.

"नजीरभाई, जॅकेट घातलं होतं!"

"कुठं घातलं होतं?"

"घोंगडीच्या आत."

नजीरभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. हाताचे ग्रीस कपाळाला लागले. "अरे शहाण्या, लोकांना ते दिसायला नको? वरून काही घेऊ नकोस. बस्स!"

केरबाने वाक्य पाठ केले.

दसरा जवळ आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडू फुलला होता. वरून काहीही न घेता केरबा नुसत्या जॅकेटवर निघाला आणि विडी ओढायला झेंडूच्या बांधाशी थांबला. हिंदुरावाचा टेंपो फुले भरायला मागे मागे आला. त्याने केरबाला फुलांसकट वाफ्यात झोपवले.

"परत तूच?" हिंदुराव खाली उतरला. "झेंडूत झेंडू होऊन उभा राहिलास, तर कसा दिसणार बाबा? सगळे असतात त्याहून वेगळं दिसावं माणसानं!"

केरबाने वाक्य पाठ केले.

दोनच दिवसांनी हिंदुरावाचे चुलते वारले. सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत जमला. केरबाने विचार केला. केरबा विचार करू लागला की जवळच्या माणसांनी सावध व्हावे, पण जवळची माणसे त्या वेळी रडत होती. सगळे पांढरे, म्हणजे आपण वेगळे दिसले पाहिजे. तो पिवळे जॅकेट घालून तिरडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. उन्हात छातीवरच्या पट्ट्या लखलखल्या. मृताच्या बहिणीचे रडणे थांबले आणि हसणे सुरू झाले. ते तिला काही केल्या आवरेना.

हिंदुरावाने त्याला बाजूला ओढले. "लाज नाही वाटत? घरी ठेव ते जॅकेट! पुन्हा माझ्या नजरेला पडू देऊ नकोस!"

केरबाने वाक्य पाठ केले. दुसऱ्या दिवशी जॅकेट खुंटीला ठेवून, धुळकट सदऱ्यात, तो डेअरीला निघाला. समोरून कोण यावे? हिंदुरावच आला. या वेळी किटल्या गटारात गेल्या आणि केरबा गटाराच्या काठावर.

"जॅकेट नव्हतं ना अंगात?" हिंदुराव काचेतूनच ओरडला. "मग दोष तुझाच!"

स्वतःच्या कालच्या बोलण्याची त्याला आठवण नव्हती. गाडी चालवताना तो मोबाइलवर बोलत होता, याचीही नव्हती. चाक ज्याच्या हाती, न्याय त्याच्याच हाती, अशी त्या रस्त्याची रीत होती, आणि ती शिकवायला हिंदुरावाइतका योग्य गुरू दुसरा नव्हता.

केरबाने वाक्य पाठ केले. जॅकेट नव्हतं, मग दोष तुझाच. आजवरच्या सगळ्या वाक्यांत त्याला हेच सर्वांत जास्त आवडले.

दसरा उजाडला. केरबाने जॅकेट धुऊन घातले. वरून काही घेतले नाही. झेंडूच्या शेतापाशी तो थांबला नाही. वाटेत भेटेल त्याला तो विचारत गेला.

"दिसतो का?"

"दिसतोस की!"

"मामा, दिसतो का?"

"अरे दिसतोस! पुढं बघ, पुढं!"

पण पुढे पाहायचे नजीरभाईंनी सांगितले नव्हते. आपण दिसतो की नाही, हे पाहण्यातच त्याचे दोन्ही डोळे गुंतले होते. लोक मात्र बाजूला होत गेले, म्हणून तो सासुरवाडीपर्यंत धडधाकट पोहोचला.

अंगणात तातोबा पांढरेशुभ्र धोतर नेसून, तोरण हातात घेऊन उभे होते. उंबऱ्याशी सगुणा बोचके बांधून बसली होती. गाडीचा आवाज ऐकताच ती उठली. केरबा माडीवरच्या बायकांना हाताने विचारत होता, दिसतो का? तातोबा तोरणासकट शेणखड्ड्यात गेले.

शेण ओले होते, म्हणून हाड मोडले नाही.

"अहो, डोळे आहेत का तुम्हाला?" तातोबा गरजले.

"मामा, तुम्ही दिसलाच नाहीत."

"पांढरंफेक धोतर नेसलोय मी!"

"जॅकेट नव्हतं ना अंगात?" केरबा शांतपणे म्हणाला. "मग दोष तुमचाच."

सगुणेने पदर तोंडाला लावला. "बाबा, ह्यांच्या अंगावर ओरखडा नाही. तुम्ही शब्द दिला होता."

तातोबा शब्दाचे पक्के होते. शेणात बसूनही ते पक्केच राहिले. "मी म्हणालो होतो, दारात या. हे दार आहे का? मागं जा आणि नीट दारात या. मग घेऊन जा तिला."

केरबाला दया आली. त्याने आपले जॅकेट काढले, सासऱ्यांना हात देऊन वर ओढले आणि त्यांच्या अंगात ते स्वतःच्या हाताने चढवले. चेनसुद्धा लावली. "आता भीती नाही, मामा," तो म्हणाला.

तातोबा दारात जाऊन उभे राहिले. पाठीमागे सगुणा बोचके काखेत घेऊन उभी राहिली. केरबा गाडी वळणापर्यंत मागे घेऊन गेला आणि निघाला. या वेळी त्याने सरळ पुढे पाहिले. पिवळेधमक सासरे त्याला दुरूनच दिसले. साऱ्या गल्लीला दिसले. बायका माडीवरून ओरडल्या, सगुणा ओरडली, तातोबांनी दोन्ही हात हलवले. केरबानेही आनंदाने एक हात हलवला, आणि त्याच वेगाने तो दारात आला. दारात होते ते सगळे घरात गेले.

धूळ खाली बसली. सगुणेने बोचके उचलले, माजघरात नेले आणि एकेक लुगडे काढून परत फडताळात लावायला घेतले.

केरबा सासऱ्यांच्या उशाशी बसला. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता.

"दिसत होतात की, मामा," तो काकुळतीने म्हणाला. "इतके लख्ख दिसत होतात, म्हणून तर ब्रेक दाबला नाही!"